चि. ब्रूनोच्या आई-बाबांना अनावृत पत्र

चारशे तीनचे साहेब आणि वहिनी,



सोसायटीच्या ग्रुपवर तुमचा खुलासा वाचला. 'आमचा ब्रूनो भुंकत नाही. आम्ही घरी असताना तर हूं की चूं करत नाही.' यातलं दुसरं वाक्य मला शंभर टक्के मान्य आहे. अडचण एवढीच की, तुम्ही घरी नसता. सकाळी फास्ट लोकल गाठायला दोघं निघता आणि डोंबिवलीत परतता ते दिवेलागण उलटून गेल्यावर. या दोन वेळांच्या मधला ब्रूनो तुम्हाला कधी भेटलेलाच नाही. आम्हाला भेटतो. आम्ही तीनशे तीन, म्हणजे थेट त्याच्या पायांखाली.

तेव्हा ओळख करून देणं शेजारी म्हणून माझं कर्तव्यच आहे. तुमची लिफ्ट खाली पोचली की आमच्या डोक्यावर नखांची टकटक सुरू होते. दारापासून बाल्कनीच्या ग्रिलपर्यंत, ग्रिलपासून पुन्हा दारापर्यंत. मग जरा वेळ दार खरवडणं. मग एक लांब हेल. तो चढत जातो, मध्येच तुटतो आणि पुन्हा पहिल्यापासून लागतो. पुढे दिवसाचे मानकरी येतात: कुरिअरवाला, सिलिंडरवाला, समोरच्या गच्चीवरची कबुतरं. आमची बेल वाजली तरी आधी तोच ओ देतो. सूनबाई घरून काम करते. तिच्या मीटिंगमध्ये बंगळुरूची मंडळी आता कामाआधी ब्रूनोची खुशाली विचारतात.

हे मी जिन्यात तुमच्या कानावर घातलं, तेव्हा तुम्ही विचारलंत, 'काका, तुम्हाला प्राणी आवडत नाहीत का?' उत्तम प्रश्न. छत गळतंय म्हटल्यावर 'तुम्हाला पाणी आवडत नाही का' असं विचारण्याची सोय सेक्रेटरींना अजून सुचलेली नाही, हे आमचं नशीब. वहिनी म्हणाल्या, दत्तगुरूंच्या पायाशीही चार कुत्री असतात. असतात ना! पण दत्तगुरू त्यांना कोंडून, कुलूप लावून मुंबईला जात नाहीत.

मग ग्रुपवर भारतीय प्राणी कल्याण मंडळाचं 2015चं परिपत्रक आलं. फार बरं केलंत. पाळीव कुत्र्यावर सोसायटीला बंदी घालता येत नाही, बहुमतानंही नाही, आणि तो भुंकतो हे बंदीचं कारण होऊ शकत नाही, हे सगळ्यांना कळलं. वार्षिक सभेत 'कुत्रं हलवा' म्हणून ओरडणारे समोसा खाऊन गप्प बसले. तसं व्हायलाच हवं होतं. मीही त्या ठरावाच्या विरोधात होतो. फक्त तुम्ही पिवळ्या रंगानं ठळक केलेल्या ओळींबरोबर त्यात बिनरंगाचाही मजकूर आहे. कुत्र्याचा इतरांना त्रास होऊ नये, विशेषतः रात्री ते शांत राहावं याची काळजी मालकानं घ्यावी, असा. रात्रीचं म्हणाल तर ब्रूनोला पैकीच्या पैकी गुण. ध्वनिप्रदूषणाच्या 2000च्या नियमांत रात्र 10 ते 6 असते आणि तेव्हा तो तुमच्या पायाशी घोरत असतो. दिवसा निवासी भागात 55 डेसिबलची मर्यादा आहे, एवढंच त्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

त्याचं तरी काय चुकलं? बीगल ही विलायतेतली शिकारी जात. टोळीनं सशामागे सुटायचं आणि शिकार कुठे चाललीय हे मागून येणाऱ्या माणसांना ओरडून कळवायचं, यासाठी पिढ्यान्‌पिढ्या निपजवलेली. म्हणजे टोळी आणि आवाज या दोन गोष्टी त्याच्या हाडीमाशी. टोळी रोज सकाळी लोकलनं निघून जाते. उरतो आवाज.

तुम्ही उपाय केले नाहीत असं मी म्हणणार नाही. टीव्ही मोठ्यानं लावून गेलात, तेव्हा आम्हाला दिवसभर मालिका आणि ब्रूनो अशी जुगलबंदी ऐकायला मिळाली. बाल्कनीत बांधलंत, तेव्हा सगळा रस्ताच त्याच्या हद्दीत आला. आता विजेचा झटका देणारा पट्टा ऑनलाइन मागवलाय, असं वॉचमन सांगत होता. तो मात्र कृपा करून परत पाठवा. एकटं वाटतं म्हणून ओरडणाऱ्याला झटका दिला, तर एकटेपण जाईल कसं?

त्यापेक्षा सकाळी गेटपर्यंत नेऊन आणायच्या ऐवजी त्याला चांगलं अर्धा-पाऊण तास फिरवा, वाटेत हवं ते हुंगू द्या. ग्रिलला खालून अर्ध्यापर्यंत आडोसा करा. निघताना कुरतडायला काहीतरी द्या आणि ते 'बाय बाय बाळा, मम्मा लवकर येणार हं' असं दारातलं निरोपाचं नाटक बंद करा. एकटं राहायची सवय पाच मिनिटांपासून हळूहळू वाढवत न्या. दुपारी कुणीतरी डोकावेल अशी व्यवस्था करा. तरीही थांबला नाही, तर प्राण्यांच्या डॉक्टरांना दाखवा. एकटेपणाची भीती हा आजार असतो आणि त्याला उपचार आहेत.

पण आधी एक करा. उद्या निघताना जुना मोबाइल रेकॉर्डिंग चालू करून हॉलमध्ये ठेवा आणि संध्याकाळी दोघं शेजारी बसून ऐका. पुढे ढकलू नका, शेवटपर्यंत ऐका.

आपला,
तीनशे तीन

ता. क. मी निवृत्त आहे. चावी आमच्याकडे ठेवलीत तर दुपारी त्याला खाली फिरवून आणीन. ग्रुपवर मात्र हे लिहू नका, बाकीचे तीन कुत्रेवालेही चाव्या आणून देतील.