मासळीबाजार प्रवेश नियमावली (फक्त जावयांसाठी)

सुरमई आणि पापलेट यांच्यापलीकडे अरबी समुद्रात कोणी राहतच नाही, अशी ज्यांची ठाम समजूत आहे त्या गृहस्थांसाठी ही नियमावली काढण्यात येत आहे. अंमल मालवण व परिसरात, दर मे महिन्यात. ती कोणा एका व्यक्तीला उद्देशून नाही. भावोजी, तुम्ही वाचलीत तरी हरकत नाही.

कलम 1. पांढरी पॅन्ट घालून बाजारात जाऊ नये.

कलम 2. आरामात उठून, नाश्ता करून, पेपर संपवून, 'चला, जरा मासे बघून येऊ' म्हणत अकराला निघू नये. त्या वेळी बाजारात मासे नसतात, मासे असल्याच्या खुणा असतात. संध्याकाळी होड्या लागल्यावर जावं किंवा पहाटे उठावं. दुसरा पर्याय केवळ नियमावली पूर्ण व्हावी म्हणून दिला आहे.

कलम 3. मासा हापूस आंब्यासारखा नाकाला लावून डोळे मिटू नयेत. आपले डोळे उघडे ठेवून माशाचे पाहावेत. ते फुगीर आणि स्वच्छ हवेत. आत गेलेले, दुधाळ नकोत. कल्ला उचलावा, आत लाल हवं. पोटावर बोट दाबल्यावर पडलेला खड्डा तसाच राहता कामा नये. बांगडा डोक्याकडे धरून आडवा उचलावा. ताठ राहिला तर घ्यावा, शेपूट लोंबली तर ठेवून द्यावा. (बर्फातला बांगडाही ताठ राहतो, म्हणून आधी डोळा.) सुंगटांची (म्हणजे कोळंबीची) डोकी लुळी नकोत. तिसऱ्यांची तोंडं मिटलेली हवीत. उघडी शिंपली टिचकी मारूनही मिटेना तर ती मेली. कुर्ली हातात जड लागली पाहिजे. अमावास्येच्या सुमारास कुर्ल्या भरलेल्या मिळतात असं आमच्याकडे सगळे सांगतात. विकणारीही सांगते, फक्त तिच्या पंचांगात अमावास्या जरा जास्त वेळा येते.

कलम 4. वाट्यांत मांडलेल्या तारल्यांपुढे उभं राहून "किलोचा भाव काय?" विचारू नये. "मॅडम" तर मुळीच म्हणू नये. काकी म्हणावं. वाटा समोर आहे, तो घ्यायचा किंवा नाही. घासाघीस करायची ती दोन तारल्या वर टाकून घेण्यापुरती. भावोजींनी मोबाइलवर पुण्याचा दर काढून दाखवल्यावर काकींनी तो मन लावून पाहिला आणि म्हणाल्या, "घ्या नायतर फुडे सरा, गिऱ्हाईक खोळंबला."

कलम 5. पापलेट 2023 पासून महाराष्ट्राचा राज्यमासा आहे. तळहातात मावणारं राज्यमाशाचं पिल्लू 'वा, तळायला मस्त' म्हणून पिशवीत टाकू नये. त्याला मोठं होऊ द्यावं.

कलम 6. 'काटे नसलेला मासा द्या' ही मागणी दखलपात्र गुन्हा समजली जाईल. चव काट्यालगत असते. तारली, पेडवे, कर्ली यांना काटे आहेत म्हणून ते स्वस्त आहेत, आणि स्वस्त आहेत म्हणून तुम्हाला कमी दर्जाचे वाटतात, एवढाच घोळ आहे. बांगडा खाणं तर सोपं: पाठीच्या रेषेवर बोट चेपत न्यायचं, वरची बाजू अलगद सुटते, मग मधला काटा डोक्यासकट अख्खा उचलून ताटाच्या कडेला. संपलं. पण नाही. आमची आई शेजारी बसून जावईबापूंना काटे काढून देते. भाताची मूद, त्यावर कढी, त्यावर सोललेला बांगडा. मी शाळेत जायला लागलो तेव्हाच माझी ही सेवा बंद झाली होती. याविरुद्ध दाद कुठे मागायची, याचं कलम अजून तयार व्हायचं आहे.

कलम 7. कढीतलं तिरफळ बाजूला काढायचं असतं. चावल्यावर जीभ बधिर झाल्यास यजमान जबाबदार नाहीत.

कलम 8, रापण. होडी जाळं घेऊन समुद्रात अर्धवर्तुळ मारून येते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि दोन्हीकडून माणसं ओढत ओढत जवळ येत जातात. यात तासन्‌तास जातात. ओढायला हात लावणाऱ्याच्या हातावर चार मासे पडतात, ही जुनी रीत. तेव्हा दोराला हात लावून, फोटो काढून, दोर सोडून वाट्याला उभं राहू नये. ओढायचं तर घाम येईपर्यंत. आणि जाळ्यात थोडंच आलं तर 'एवढ्यासाठी एवढी माणसं?' असं तिथे मोठ्याने बोलू नये. त्यांना ते ठाऊक आहे. माशांचा अख्खा थवा एकदम घेरणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर सरकारने 2016 साली निर्बंध घातले. तरी रात्री समुद्रात झगझगीत दिवे दिसले की रापणकर काय बोलतात, ते या नियमावलीत छापता येत नाही. भावोजींनी एकदा मात्र शेवटपर्यंत दोर ओढला होता, तळहात सोलले होते आणि वाट्याला आलेले बांगडे शेजाऱ्यांना वाटून टाकले होते. ही नोंद नाइलाजाने करावी लागत आहे.

कलम 9. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. बरेच मासे याच काळात अंडी घालतात, शिवाय समुद्र खवळलेला असतो. या दिवसांत फोन करून 'ताजी सुरमई मिळेल का?' असं विचारू नये. पावसाआधी उन्हात वाळवलेले बांगडे आणि गोलमा (सुका जवळा) डब्यात भरून ठेवलेला असतो, पावसाळा त्यावर निघतो. मे महिन्यात निघताना आई हाच डबा पुढे करते तेव्हा भावोजी 'गाडीत एसी आहे हो' म्हणून हात जोडतात. मग जुलैत, पुण्यात चार दिवस झड लागली की फोन येतो: 'ते सुकं काही उरलंय का?'

उरलेलं असतं. आईने त्यांच्या नावाचं वेगळं काढलेलंच असतं. पाठवण्याची पद्धत: आधी वर्तमानपत्र, मग प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या, मग घट्ट झाकणाचा डबा, डब्याला चिकटपट्टी. आत काय आहे असं कोणी विचारलंच तर 'आमसुलं' सांगावं.