दाई हवी, फी भरून

पूर्वी घरात बाळ आलं की दाईला साडीचोळी द्यावी लागे. दक्षिण आफ्रिकेत सिंह पाळणाऱ्या फार्मवाल्यांनी ही उधळपट्टी थांबवली. तिथे दाईच पैसे भरून येते. विमानाचं तिकीट तिचं, लसी तिच्या, आठवड्याची फी तिची. वर पिंजरेही तिनेच धुवायचे. या व्यवहाराला वन्यजीव संवर्धनासाठी स्वयंसेवा असं भारदस्त नाव आहे.

छावा अर्थातच अनाथ असतो. असावाच लागतो, नाहीतर बाटली धरायला पाहुणे कशाला येतील? आई शिकाऱ्यांनी मारली किंवा आईने टाकलं, अशी करुण कथा आल्या आल्या ऐकवतात. आई बहुतेकदा पलीकडच्या कुंपणात ठणठणीत असते. पिल्लू काही दिवसांचं असतानाच उचललं की ती लवकर पुन्हा माजावर येते. जंगलात ती दीड-दोन वर्षं पिल्लाला सांभाळते; फार्मला एवढी सवड परवडत नाही, कारण स्वयंसेवकांची पुढची तुकडी विमानतळावर उतरलेली असते.

आमच्या सोसायटीतले एक चिरंजीव ही सेवा करून परतले. "काकू, माझ्या मांडीवरच झोपायचा हो!"
"मग आता कुठे आहे तो?"
"मोठा झाला की जंगलात सोडणार आहेत."
"आणि शिकार कोण शिकवणार त्याला? तू?"
चिरंजीव मोबाइलमधला पुढचा फोटो शोधू लागले.

माणसाच्या हातावर वाढलेला सिंह जंगलात जात नाही, पण त्याची नोकरी चालू राहते. आधी कुरवाळून घ्यायचं, मग पर्यटकांसोबत फिरायला जायचं, आणि आयाळ भरली की कुंपणातल्या शिकारीला उभं राहायचं. बंदूकवाला दिसला तरी तो पळत नाही. दोन पायांवरची माणसं आजवर दूधच घेऊन आलेली असतात. उरलेली हाडं आग्नेय आशियात, वाघाच्या हाडांऐवजी औषधाला. 2017 साली सरकारनेच 800 सांगाड्यांच्या निर्यातीचा कोटा दिला होता. 2019 साली न्यायालयाने तो बेकायदा ठरवला.

आपल्या जुन्नरला मात्र या धंद्याची अक्कल नाही. ऊसतोडीत बिबट्याचे बछडे सापडले की वनखात्याची माणसं ते संध्याकाळी त्याच शेतात क्रेटमध्ये ठेवतात आणि लांब सरकतात. आई रात्री येऊन घेऊन जाते. मांडी नाही, बाटली नाही, सेल्फी नाही. असल्या संवर्धनाला परदेशातून पैसे भरून कोण येणार?

बंदिस्त सिंहांची पैदास बंद करू, असं दक्षिण आफ्रिकेच्या मंत्री बार्बरा क्रीसी यांनी 2021 साली जाहीर केलं. मालकांनी स्वेच्छेने बाहेर पडावं, त्यासाठी मार्ग सुचवायला पुढच्याच वर्षी समितीही नेमली. आमची सूचना एवढीच, की या स्वेच्छेचीही दर आठवड्याला फी आकारावी. दरपत्रक मालकांकडे छापील तयार आहे.