हिंगणीचा गारठा आणि चालतं घर

वर्धेला थंडी पडते, हे पुण्या-मुंबईच्या माणसाला पटवणं कठीण. वर्धा म्हटलं की त्याला मे महिना आठवतो आणि तो मान पुसायला रुमाल शोधू लागतो. पण समुद्र इथून लांब. दिवसभराचं ऊन रात्री धरून ठेवायला ना हवेत दमटपणा, ना आभाळात ढग. त्यात उत्तरेचं वारं सुटलं की पहाटे पारा एक आकडी होतो. शेजारच्या नागपुरात 29 डिसेंबर 2018 ला तो 3.5 अंशांपर्यंत उतरला होता.

माझा मेव्हणा मात्र पूर्ण तयारीचा. ॲरिझोनात नोकरी करून परतलेला. तिकडे क्वार्ट्झसाइट नावाच्या गावाबाहेर वाळवंटात दर हिवाळ्यात हजारो चालती घरं येऊन थांबतात, हे तो लग्नाच्या पंगतीतही सांगतो. आपल्या राज्यानं 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा ते आपल्याच आग्रहावरून आणलं असावं असा त्याचा चेहरा झाला होता. शेवटी पलंग, ओटा, न्हाणी, एसी असं सगळं बसवलेली एक गाडी भाड्यानं घेऊन तो आमच्या दारात उभा राहिला. सोबत पाण्याच्या नळीला गुंडाळायची विजेची पट्टी.

"भाऊजी, रात्री नळीत पाणी गोठलं तर?"

वर्धा जिल्ह्यात पाणी नळाला येत नाही अशी तक्रार असते. नळात गोठलं अशी अजून कुणी केलेली नाही. पण मेव्हणा हिचा धाकटा भाऊ असल्यामुळे मी पट्टीचं कौतुक केलं.

वाटेत सेवाग्रामला थांबलो. बापूंच्या कुटीच्या जाड मातीच्या भिंती दिवसा तापतात सावकाश आणि रात्री निवतातही सावकाश. आमच्या गाडीचा पत्रा दोन्ही कामं झटपट उरकतो, हे रात्री कळायचं होतं.

बोर व्याघ्र प्रकल्पात मुक्कामाला गाडी लावता येत नाही, आणि येत असती तरी हिनं लावू दिली नसती. म्हणून हद्दीबाहेर, हिंगणीकडच्या एका ओळखीच्या शेतात, गव्हाच्या कडेला घर उभं केलं. जागा खोलगट होती. वारा लागणार नाही, असं मेव्हणा म्हणाला. वारा लागला नाही हे खरं. पण थंड हवा जड असते, ती रात्री उतारानं वाहत येऊन खोलगटातच साचते. दुपारी 28 अंश दाखवणारं मेव्हण्याचं थर्मामीटर पहाटेपर्यंत 8 वर येणार होतं. ऊब जाऊ नये म्हणून त्यानं खिडक्या घट्ट लावल्या, तेव्हा आमचा सगळ्यांचा श्वास थंड पत्र्याला लागून पाणी झाला आणि थेंबाथेंबानं आमच्यावर परतला. डिसेंबरात, निरभ्र आभाळाखाली, घरात पाऊस. एसी होता, पण तो फक्त गार करणारा.

मग हिनं शेगडी आत घ्यायची टूम काढली. तेवढ्यात जागलीला आलेले शेतमालक कंदील घेऊन डोकावले. रानडुकरं आणि रोह्यांपायी ते हिवाळाभर मचाणावरच झोपतात.

"डब्यात शेगडी घेऊन झोपान, तं सकाळी उठवन कोन तुमाले?" ते म्हणाले. "इकडं या."

बाहेर बाभळीचं खोड धुमसत होतं, वर तुराट्या टाकल्या की भडका. त्यांचा हिशोब साधा: अंगाखाली दोन वाकळा, अंगावर एक, थंडी जमिनीतून येते. आम्ही सगळी पांघरुणं अंगावर घेऊन खाली पातळ गादीवर झोपलो होतो. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे खरपूस होत होते, वांग्याची भाजी तयार होती. गाडीतल्या ओट्यावर मेव्हण्यानं केलेल्या नूडल्सची चौकशी कुणी केली नाही.

बारा वाजता शेतमालक उठले. "लाइन आली," म्हणाले. शेतीला वीज पुष्कळदा रात्रीची. म्हणून विदर्भातला शेतकरी ऐन थंडीत पाण्यात उभा राहून गहू ओलतो. पर्यटन त्याला फुकट मिळतं. त्यांनी मोटर सुरू केली, दांड भरला आणि पाणी आमच्या घराखालून निघालं. काळी माती ओली झाली की काय करते ते ॲरिझोनात शिकवत नसावेत. पहाटेपर्यंत मागची चाकं निम्मी आत होती आणि थंडीनं मलूल झालेली बॅटरी नुसतीच टिकटिकत होती.

उन्हं चढल्यावर ट्रॅक्टर आला. अर्धं गाव बघायला. एका आजीनं आत चढून न्हाणी पाहिली, किंमत विचारली आणि "एवढ्यात तं खरं घर झालं असतं नं बाप्पा" असं म्हणून त्या उतरल्या.

मेव्हण्यानं ट्रॅक्टरचे पैसे पुढे केले. शेतमालकांनी ते घेतले नाहीत.

"ही काय थंडी हाय भाऊ? मे महिन्यात या."

मेव्हण्यानं वही काढली आणि लिहून घेतलं.