करकपात करणाऱ्यांस जाहीर आभारपत्र

प्रति,
देशातील समस्त करकपात करणारे, अर्थात कंपन्यांचे लेखा विभाग, शिक्षणसंस्थांची कार्यालये, ठेवी स्वीकारणाऱ्या बँका आणि बिले चुकती करणाऱ्या आस्थापना

विषय : करदात्यांना विनामूल्य अर्थशिक्षण दिल्याबद्दल कृतज्ञता

महोदय,

प्राप्तिकर अधिनियम, 1961 ने आपणांवर तीनच कामे सोपवली होती : पगार, व्याज किंवा मोबदला देतानाच त्यातून कर कापणे, कापलेली रक्कम सरकारजमा करणे आणि ज्याचे पैसे कापले त्याच्या हाती त्याचा दाखला देणे. आपल्यापैकी काहींनी पहिले काम तत्परतेने व उरलेली दोन सवडीने करून एक चौथे काम स्वखुशीने पत्करले, ते म्हणजे करदात्यास करशास्त्रात पारंगत करणे. कापलेला कर वेळच्या वेळी आणि बरोबर पॅनवर जमा झाला असता, तर सामान्य नोकरदाराने टीडीएसचे, म्हणजे या करकपातीचे, कागद उघडूनही पाहिले नसते. आज मात्र त्याला कलमांचे क्रमांक तोंडपाठ आहेत, आणि याचे श्रेय सर्वस्वी आपले आहे.

या शिक्षणाचा पहिला धडा म्हणजे फॉर्म 16. पगारातून कापलेल्या कराचा हा दाखला 1961 च्या अधिनियमातील कलम 203 अन्वये द्यावा लागतो आणि त्याची मुदत वर्ष संपल्यानंतरच्या 15 जूनपर्यंत असते, कारण जानेवारी ते मार्च या शेवटच्या तिमाहीचे टीडीएस विवरणपत्र 31 मेपर्यंत भरायचे असते आणि ते भरल्यावाचून दाखला तयार होत नाही. दाखल्याचे दोन भाग असतात. भाग ए मध्ये मालकाचा टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा ओळखक्रमांक, कर्मचाऱ्याचा पॅन आणि दर तिमाहीत किती कर कापला व किती भरला याची नोंद असते, तर भाग बी मध्ये पगाराची फोड, सूट मिळालेले भत्ते आणि मान्य केलेल्या वजावटी यांचा हिशेब असतो. भाग ए हा प्राप्तिकर विभागाच्या ट्रेसेस या संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावा लागतो, म्हणजेच विवरणपत्र भरल्याशिवाय तो निर्माणच होऊ शकत नाही. ही अडचण ओळखून आपल्यापैकी काही कार्यालये एक्सेलवर टंकलेला, शिक्का-सहीने नटवलेला भाग बी तेवढा कर्मचाऱ्याच्या हाती ठेवतात आणि भाग ए विचारणाऱ्यास ‘वरून आला नाही’ असे सांगतात. असा कागद हा पगाराचा तक्ता असतो, करकपातीचा पुरावा नसतो, हे ज्ञान त्यामुळेच करदात्यास लाभले.

दुसरा धडा बँकांकडून मिळतो. पगाराखेरीज इतर उत्पन्नातून, जसे ठेवीवरील व्याज किंवा व्यावसायिक मोबदला यांतून, कापलेल्या कराचा दाखला फॉर्म 16 ए असा असून तो दर तिमाहीला मिळतो. 1 एप्रिल 2025 पासून एखाद्या बँकेतील मुदत ठेवींचे वर्षाचे व्याज 50,000 रुपयांवर, आणि ज्येष्ठ नागरिकांच्या बाबतीत 1,00,000 रुपयांवर गेले, तर त्यातून 10 टक्के कर कापला जातो. येथे ‘टीडीएस कापला, म्हणजे कर भरून झाला’ ही समजूत जन्माला येते. तिची किंमत मोजून पाहण्यासारखी आहे : 30 टक्के करटप्प्यातील व्यक्तीस 60,000 रुपये व्याज मिळाले तर बँक 6,000 रुपये कापते, परंतु 4 टक्के उपकरासह त्या व्याजावरील देय कर 18,720 रुपये होतो, आणि उरलेले 12,720 रुपये करदात्याने स्वतः भरायचे असतात. कापलेला कर हा केवळ उचल दिलेला कर असतो. अंतिम हिशेब करदात्याच्या प्राप्तिकर विवरणपत्रातच होतो.

तिसरा धडा फॉर्म 26 एएस हा असून अभ्यासक्रमातील खरी परीक्षा तेथेच असते. फॉर्म 16 हे कापणाऱ्याचे म्हणणे असते, तर 26 एएस ही करदात्याच्या पॅनवर काय पोहोचले याची सरकारकडील नोंद असते. त्यातील प्रत्येक ओळीत कापणाऱ्याचे नाव व टॅन, कलम, व्यवहाराची तारीख, दिलेली रक्कम, कापलेला कर आणि जमा झालेला कर हे रकाने असतात, आणि मधल्या एका अरुंद रकान्यात एकच अक्षर छापलेले असते. ते अक्षर ‘एफ’ असेल तर भरलेले चलन आणि दिलेला तपशील यांचा मेळ बसलेला असतो. ‘यू’ असेल तर तो बसलेला नसतो, म्हणजे एक तर पैसे भरलेले नसतात किंवा चलनाचा तपशील चुकलेला असतो. पॅनमधील एका अक्षराची चूक झाली तर तीच रक्कम अनोळखी व्यक्तीच्या खात्यात दिसू लागते. ही चूक करदाता स्वतः दुरुस्त करू शकत नाही, कारण दुरुस्ती विवरणपत्र भरण्याचा अधिकार फक्त कापणाऱ्यास आहे. म्हणून वर्षानुवर्षे लेखा विभागात खेटे घालण्याचा योगही आपण त्यास मिळवून देता.

नोव्हेंबर 2021 पासून यात वार्षिक माहिती विवरणाची, म्हणजे एआयएसची भर पडली. कर कापला गेलेला नसला तरी बचत खात्यावरील व्याज, लाभांश, शेअर व म्युच्युअल फंडांची विक्री अशा अनेक व्यवहारांची माहिती त्यात असते, आणि टीआयएस हा तिचाच वर्गवार सारांश असतो. एखादी नोंद चुकीची किंवा दुहेरी असल्यास तेथेच आक्षेप नोंदवता येतो. मात्र एआयएसमध्ये दिसत नाही म्हणून एखादे उत्पन्न करमुक्त ठरत नाही, आणि फॉर्म 16 मध्ये दिसत नाही म्हणून ते लपवताही येत नाही.

नोकरी बदलणाऱ्यास आपण जे उच्च शिक्षण देता, त्याचा स्वतंत्र उल्लेख न करणे कृतघ्नपणाचे ठरेल. समजा, आर्थिक वर्ष 2025-26 मध्ये एका व्यक्तीने पहिल्या मालकाकडून 9 लाख आणि दुसऱ्याकडून 9 लाख रुपये पगार घेतला आणि प्रत्येकाने केवळ आपल्याच पगाराचा हिशेब केला. नव्या करप्रणालीनुसार दोघेही 75,000 रुपयांची प्रमाणित वजावट देतात, करपात्र रक्कम 8,25,000 रुपये काढतात आणि 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नास मिळणाऱ्या करसवलतीमुळे कर शून्य ठरवतात. दोन्ही फॉर्म 16 अगदी निष्कलंक असतात. प्रत्यक्षात 18 लाखांवर प्रमाणित वजावट एकदाच मिळते, करपात्र उत्पन्न 17,25,000 रुपये होते, त्यावरचा कर उपकरासह 1,50,800 रुपये येतो, आणि आगाऊ कर न भरल्याबद्दल कलम 234 बी आणि 234 सी खालील व्याज त्यावर चढते. आधीच्या पगाराची माहिती नव्या मालकास देणारा फॉर्म 12 बी रुजू होण्याच्या दिवशीच कर्मचाऱ्यापुढे ठेवला असता, तर विवरणपत्र भरताना जुलैत बसणारा हा आघात टळला असता. पण मग त्याच्या शिक्षणाचे काय झाले असते?

आता मुख्य ऋणाकडे वळणे भाग आहे. खासगी आस्थापनांनी कापलेला कर पुढील महिन्याच्या 7 तारखेपर्यंत, आणि मार्चचा 30 एप्रिलपर्यंत, भरायचा असतो. आपल्यापैकी काही मंडळी मात्र ती रक्कम धंद्यातच फिरवतात, आणि आयजीच्या जीवावर बायजी उदार होतात. परिणामी फॉर्म 16 वर आकडा असतो, 26 एएस कोरा असतो, बंगळूरच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्राची संगणक यंत्रणा करदात्यास त्या कराचे श्रेय नाकारते आणि कलम 143(1) ची सूचना मागणीसह त्याच्याच दारी येते. वास्तविक 1961 च्या अधिनियमातील कलम 205 सांगते की कर कापला गेला असेल तर तेवढ्या रकमेची वसुली कर्मचाऱ्याकडून करता येत नाही. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने 2015 आणि 2016 मध्ये आपल्या अधिकाऱ्यांना याची आठवणही करून दिली. तरीही कर कापल्याचे सिद्ध करण्यासाठी पगारपत्रके आणि बँकेचे उतारे गोळा करत फिरावे लागते ते करदात्यास, आणि चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची परंपरा अखंड राहते.

सुदैवाने शिष्य आता तयार झाला आहे. तो वर्षाअखेरची वाट न पाहता दर तिमाहीला 26 एएस उघडतो, पगारपत्रकातील कपात त्याशी ताडून पाहतो आणि ‘यू’ हे अक्षर दिसताच तोंडी विनंतीऐवजी लेखी पत्र देतो. विवरणपत्र भरताना तो उत्पन्न स्वतःच्या नोंदींवरून व एआयएसवरून घेतो, कराचे श्रेय 26 एएसवरून घेतो आणि फॉर्म 16 फक्त पडताळणीसाठी वापरतो. 1 एप्रिल 2026 पासून प्राप्तिकर अधिनियम, 2025 लागू होऊन कलमांचे क्रमांक बदलले, तरी ताडून पाहण्याची ही सवय बदलण्याचे कारण नाही. आपले विद्यादानाचे कार्य त्यामुळे पूर्ण झाले असून, यापुढे आपण कायद्याने नेमून दिलेल्या तीन कामांतच लक्ष घालावे, अशी नम्र विनंती आहे.

कळावे,

ज्यांचा कर वेळेवर कापला गेला असे समस्त करदाते

ता. क. : दाखला देण्यास विलंब झाल्यास दररोज 500 रुपये दंड होऊ शकतो, कापलेला कर उशिरा भरल्यास दरमहा दीड टक्का व्याज द्यावे लागते, आणि कापलेला कर सरकारजमा न केल्यास 1961 च्या अधिनियमातील कलम 276 बी मध्ये तीन महिने ते सात वर्षे सक्तमजुरीची तरतूद होती.