मुदत : ४४७२ दिवस

आमचा कॉम्प्युटर सुरू करायचा म्हणजे आधी भिंतीवरचं बटण, मग डब्याचं बटण, मग दाढी. दाढी झाली की पासवर्ड. पासवर्ड टाकला की आंघोळ. आंघोळ करून येईपर्यंत पडद्यावर एक चौकट हजर असते : अमुक नावाची डीएलएल फाइल सापडत नाही. मी 'ओके' दाबतो. तीन वर्षं रोज दाबतोय. फाइल हरवली यात ओके काय आहे, हे मी त्याला विचारलं नाही आणि त्यानंही कधी सांगितलं नाही.

२०१०च्या दिवाळीत घेतलेलं यंत्र. दोन जीबी रॅम, विंडोज सेव्हन. मायक्रोसॉफ्टनं १४ जानेवारी २०२० रोजी, ऐन भोगीच्या दिवशी, या विंडोजला अपडेट देणं बंद केलं. तिळगूळसुद्धा न देता. तेव्हापासून मी धास्तावलो. विकतचा अँटिव्हायरस होताच, तरी वरच्या मजल्यावरच्यांनी फुकटचा आणखी एक बसवून दिला. "असू दे की, खायला थोडंच मागतोय?" म्हणाले.

मागतो. हे मला रविवारी भाचीनं दाखवलं. तिनं टास्क मॅनेजर उघडला, तर प्रोसेसर शंभर टक्क्यांना टेकलेला आणि मी फक्त सोसायटीच्या मेंटेनन्सची एक्सेल शीट उघडलेली.

"मामा, हे दोघं व्हायरस शोधत नाहीयेत. एकमेकांना धरतायत."

प्रकार असा : मी फाइलला हात लावला की पहिला ती झडती घ्यायला उचलतो. कोणीतरी फाइल उघडली हे पाहून दुसरा तीच फाइल धरतो. शिवाय व्हायरस ओळखायचे म्हणून व्हायरसच्या खाणाखुणा दोघांच्याही खिशात, त्यामुळे प्रत्येकाला दुसराच चोर वाटण्याची सोय. आमच्या बिल्डिंगला दोन वॉचमन होते तेव्हा हेच चालायचं. चोर आला नाही, पण दूधवाला यायचा बंद झाला.

डीएलएलचा उलगडा दोन मिनिटांत झाला. जुना स्कॅनर मी केव्हाच भंगारात दिला, त्याचा प्रोग्रॅमही काढला, पण सुरुवातीला हाक मारायच्या यादीत त्याचं नाव तसंच. रेशनकार्डावरून आजोबांचं नाव कमी करायचं राहावं, तसं. विंडोज रोज सकाळी त्याला हाक मारायचं आणि तो सापडत नाही म्हणून मला कळवायचं. भाचीनं एमएसकॉन्फिगमध्ये जाऊन खूण काढली. तीन वर्षांचं सुतक एका टिचकीत फिटलं.

मग प्रश्न आला, दोघांतला कोणता काढायचा. त्यात विचार कसला? फुकटचा! विकतचा रोज सकाळी स्वतःहून सांगायचा, 'मुदत संपायला ४४७२ दिवस बाकी.' एवढं भरभक्कम आयुष्य कोण फेकून देईल? अपडेट होत नाही अशी कुरकुर तो अधूनमधून करायचा, पण या वयात कोण करत नाही?

फुकटचा निघता निघेना. आधी 'का सोडून चाललात?' म्हणून कारणं विचारली. मग पैसे भरण्यावर सवलत देऊ केली. गेल्यावरही कोपऱ्यात चिन्ह ठेवून गेला. शेवटी एफ-८ बडवत सेफ मोडमध्ये शिरून, त्याच्याच कंपनीनं त्याला हुसकण्यासाठी बनवलेलं वेगळं अवजार चालवावं लागलं. कंपनीला आपला मुलगा माहीत असणार.

यापेक्षा जुने व्हायरस सालस. १९८६ साली लाहोरच्या दोघा भावांनी 'ब्रेन' लिहिला, तर आत आपली नावं, पत्ता आणि फोन नंबरही घातले होते. विकतच्या अँटिव्हायरसवाल्यांचा फोन नंबर मी चार दिवस शोधतोय.

कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. दाढीचा साबण लावेपर्यंत पासवर्ड मागितला! मी हरखलो, पण भाची कोपऱ्यातल्या घड्याळाकडे बघत होती.

"मामा, आज १ जानेवारी २००९ आहे?"

"ते रोजच असतं."

तिनं कपाळाला हात लावला. मदरबोर्डवर एक सेल असतो, वीज नसताना तो तारीख सांभाळतो. आमच्याकडे रात्री भिंतीवरचं बटण बंद करायची शिस्त, म्हणजे रोजची रात्रपाळी त्या सेलवर. तो केव्हाच संपलेला. बँकेची साइट 'प्रमाणपत्राचा काळ अजून सुरू झालेला नाही' का म्हणायची, तेही मला आता कळलं. २००९मध्ये बसून आजचं प्रमाणपत्र दाखवलं तर कोण मानेल?

कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडून सेल आणला. सीआर २०३२ : रुंदी २० मिलिमीटर, जाडी ३.२, म्हणून २०३२. घड्याळजीनं विचारलं, "घड्याळ कुठाय?" म्हटलं, "आणण्यासारखं नाही."

सेल बसवला. तारीख लावली. अँटिव्हायरसला ती लगेच कळली आणि चौदा इंची पडदा काठोकाठ लाल झाला : 'आपली मुदत ३१ मार्च २०२१ रोजी संपली आहे.'

मी भाचीकडे पाहिलं. तिनं स्क्रू-ड्रायव्हर अजून ठेवला नव्हता.

"मामा, सेल परत काढू का?"