उशिराने धावत आहे

पावसाळ्यातल्या एखाद्या सकाळी कल्याणच्या फलाटावर उभं राहिलं, की ध्वनिक्षेपकातून एक बाई कमालीच्या शांत आवाजात सांगतात, की मुंबईकडे जाणाऱ्या लोकल पंचवीस मिनिटं उशिराने धावत आहेत. त्या क्षणी त्यातली एक लोकल लाल सिग्नलपुढे ठाण मांडून असते. दारातले लोक कंटाळून रुळांत उतरलेले असतात आणि छत्र्या सावरत ठाकुर्लीच्या दिशेने निघालेले असतात. म्हणजे गाडी उभी, माणसं चालतायत, आणि धावणं फक्त घोषणेत.

यात त्या बाईंचा दोष नाही. घरी त्या असं बोलत नसणार. ‘आज लाइट बिल उशिराने धावत आहे’ असं कुठल्याही मराठी घरात कोणी म्हणत नाही. हे धावणं मूळचं इंग्रजी ‘रनिंग लेट’मधलं. इंग्रजाची गाडी उशिरा येत नाही, उशिरा धावते. त्याचं शब्दाला शब्द भाषांतर झालं आणि उभ्या गाडीच्या पायात घुंगरू बांधले गेले.

मराठी शाळेत पूर्वी पाचवीला इंग्रजी लागायचं. (२००० सालापासून ते पहिलीतच लागतं, त्यामुळे गोंधळ चार वर्षं आधी सुरू होतो, एवढाच फरक.) तिथे ‘रन म्हणजे धावणे’ हे एकदा घोकलं की काम झालं, असं मुलांना वाटतं. रन, रॅन, रन. पुढे कधीतरी पुस्तकात नदी रन करते, मग घड्याळ रन करतं, मग कोणाचं तरी नाक रन करतं, आणि एके दिवशी दुधाची पिशवी संपते तर तिथेही रनच. मुलगा बाईंना विचारतो. बाई म्हणतात, ‘पुढचं वाक्य वाच.’

बाईंची अडचण समजण्यासारखी आहे, कारण ती ऑक्सफर्डलाही होती. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि काम पुरं झालं १९२८ मध्ये. पुढे १९८९ ची वीस खंडांची दुसरी आवृत्ती आली, तेव्हा तिच्यात सगळ्यात ऐसपैस बसलेलं क्रियापद होतं ‘सेट’. त्याच्या अर्थच्छटा ४३० आणि नोंदीची लांबी सुमारे ६०,००० शब्द. मोल्सवर्थसाहेबाच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्तीही सुमारे ६०,००० शब्दांचीच. अख्ख्या मराठीत त्या भल्या माणसाला जेवढे शब्द नोंदवण्याजोगे सापडले, तेवढे त्याच्या देशबांधवांनी एकट्या ‘सेट’ची समजूत घालण्यात खर्च केले.

आता तो मान ‘सेट’कडे राहिलेला नाही. कोशाची तिसरी आवृत्ती घडत असताना आधी ‘मेक’ने त्याला मागे टाकलं, मग ‘पुट’ने, आणि २०११ च्या सुमारास ‘रन’ सगळ्यांच्या पुढे निघून गेला. नावाला जागला म्हणायचं. ही नोंद पीटर गिलिव्हर या कोशकाराने लिहिली. तिला नऊ महिने लागले, आणि नुसत्या क्रियापदाचे अर्थ भरले ६४५. नऊ महिन्यांत एक शब्द हे सरकारी प्रकल्पालाही लाजवणारं काम वाटेल. पण हिशेब केला तर रोज दोनाहून जास्त अर्थ हातावेगळे करायचे, तेही रविवार धरून. ‘रन’ एवढा का फोफावला याचं एक कारण कोशांचे चरित्रकार सायमन विंचेस्टर यांनी सांगितलं आहे: यंत्रयुग. इंजिन आलं, गिरण्या आल्या, आगगाड्या आल्या, आणि इंग्रजांनी त्या सगळ्यांना धावायला लावलं.

यंत्रं मराठी मुलखातही आली. पण इथे ती धावली नाहीत. चालली.

हा फरक वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. इंग्रजाचं घड्याळ धावतं, मराठी माणसाचं चालतं. त्याचं दुकान धावतं, इथे दुकान चालतं. चालत नसेल तर ‘बसलं’ म्हणतात. तो कारखाना, शाळा, सरकार असं सगळं धाववतो, इथे ते चालवतात, आणि ‘कसं काय चाललंय?’ असं एकमेकांना विचारतात. लंडनमध्ये अगाथा ख्रिस्तीचं ‘द माउसट्रॅप’ १९५२ पासून धावतंय, मधे कोविडने थांबवलं तेवढंच. मराठी नाटकाचे मात्र प्रयोग होतात, आणि बरे झाले तर ‘नाटक चाललं’. एसटीच्या गाडीत पुढे बसतो तो चालक. घाटातल्या उतारावर तो गाडी कशीही फेकत असला तरी हुद्दा चालकाचाच, धावकाचा नव्हे.

आणि जिथे ‘चालणे’ पुरत नाही, तिथे मराठी प्रत्येक कामाला वेगळा माणूस लावते. पूर्वीच्या वाड्यांत धुण्याची बाई वेगळी, भांड्याची वेगळी, पाणक्या आणखी तिसरा, तसं. नाक वाहतं, रंग जातो, ताप येतो, रस्ता जातो, भाषण लांबतं, बातमी छापून येते, दूध संपतं. वाटेत कोणी भेटलं तर गाठ पडते, आणि संताप घराण्यातच असतो. इंग्रजाकडे या सगळ्याला एकच गडी, आणि तो बिचारा दिवसभर धावतोय. आंघोळीचं पाणीसुद्धा तोच काढतो. नळाच्या पाण्याचा तर प्रश्नच नाही. इंग्रजाच्या नळाला पाणी धावतं. पुण्यातल्या नळाला पाणी ‘येतं’ आणि ‘जातं’, जणू काही ते कोणाचे तरी जावई आहेत. लॉजच्या पाटीवर ‘चोवीस तास रनिंग वॉटर’ लिहिलेलं असतं तेव्हा जाणते लोक आधी बादली आहे का ते विचारतात.

चालण्यात मराठी माणूस एवढा पुढे गेला आहे, की तिथे ‘रन’ही त्याला गाठू शकत नाही. ‘चालेल’ या एका शब्दावर लग्नं ठरतात. चालू खातं बँकेत असतं, आणि चालू माणूस बँकेला बुडवतो. सगळ्यात कमाल उपासाच्या दिवशी. साबुदाणा चालतो. तो टॅपिओकाच्या कंदापासून होतो. बटाटा चालतो, शेंगदाणा चालतो, हिरवी मिरची चालते. ही चारही पिकं मूळची अमेरिका खंडातली, आणि पोर्तुगीजांनी भारताचा किनारा गाठण्यापूर्वी त्यांतलं एकही इकडे कोणी पाहिलं नव्हतं. परदेशातून आलेली ही चौकडी एकादशीला बिनबोभाट चालते; घरचा गहू चालत नाही. याला इंग्रजीत काय म्हणायचं ते ऑक्सफर्डने आणखी नऊ महिने घेऊन सांगावं.

मराठीत धावायला शब्द नाही असं मात्र कोणी समजू नये. दोन आहेत, आणि ते दोन आहेत हीच गंमत आहे. धावणे आणि पळणे. पाय तसेच हलतात, दम तसाच लागतो, पण दिशा वेगळी. मदतीला धावतात, संकटातून पळतात. अंगावर धावून जातात आणि अंगाशी आलं की पळून जातात. शेजारची मुलगी रात्री धावून गेली म्हटलं तर लोक विचारतात, कोण आजारी आहे? पळून गेली म्हटलं तर विचारतात, कोणाबरोबर? इंग्रजीत ती दोन्ही वेळा ‘रन’च करते आणि खुलाशासाठी पुढच्या छोट्या शब्दाची वाट पाहावी लागते. ‘रन’च्या ६४५ अर्थांतले कितीतरी अशाच शेपट्यांवर उभे आहेत: आउट, ओव्हर, इन्टू, डाउन, अवे. बाईंनी पुढचं वाचायला सांगितलं ते बरोबरच होतं.

‘धाव’ हे नामही जुन्या लोकांच्या फार उपयोगाचं होतं. मोटेच्या विहिरीवर बैल ज्या उतारावरून मोट ओढत खाली जायचे ती धाव. बैलगाडीच्या चाकाला बसवलेली लोखंडी पट्टी तीही धाव. आज विमानाची धावपट्टी उरली आहे. मुंबईच्या विमानतळावर तशा दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदत असल्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तेवढ्यात बाकीची विमानं रांगेत उभी. फॅशनवाल्यांच्या रनवेवर तर सगळे चालतातच.

निवडणुकीत ‘रन’ची आणखी वेगळी फजिती होते, आणि तीही त्याच्या घरातच. अमेरिकेतला उमेदवार निवडणुकीसाठी धावतो. त्याच्याबरोबर उपाध्यक्षपदाचा उमेदवार ‘रनिंग मेट’ म्हणून धावतो. हा शब्द घोड्यांच्या शर्यतीतून आलेला आहे, हे त्या पदाचा विचार करता योग्यच. ब्रिटनमधला उमेदवार मात्र निवडणुकीला ‘स्टँड’ करतो. एकच भाषा, मधे एक महासागर, तर इकडचा उभा आणि तिकडचा पळतोय. मराठी उमेदवार या बाबतीत ब्रिटिश वळणाचा: तो उभा राहतो. पण तेवढ्यावर थांबत नाही. त्याला कोणीतरी उभं केलेलं असतं, अर्ज मागे घेण्याच्या दिवसापर्यंत दुसरा कोणी त्याला बसवण्याच्या खटपटीत असतो, बसला नाही तर तिसरा पाडतो. निवडून आलाच तर मग तो पळतो, म्हणजे दुसऱ्या पक्षात.

शब्दार्थाची खरी हद्द गाठली ती क्रिकेटने. सुरुवातीच्या काळात इंग्लंडात धावा काठीवर खाचा पाडून मोजत, आणि त्यांना खाचाच म्हणत. पुढे ‘रन’ आला आणि भाबड्या माणसाला वाटलं, की जो धावतो त्याच्या धावा. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला शालेय सामन्यात प्रणव धनावडे याने नाबाद १००९ केल्या. त्यात १२९ चौकार आणि ५९ षटकार. गुणाकार केला तर ८७० धावा नुसत्या सीमारेषेच्या, त्यांच्यासाठी धावायची गरज नाही. धावून काढलेल्या उरल्या १३९. याउलट ७ जून १९७५ ला लॉर्ड्सवर, पहिल्या विश्वचषकात, इंग्लंडच्या ३३४ धावांसमोर सुनील गावसकर पुरी साठ षटकं खेळपट्टीवर होते आणि १७४ चेंडूंत नाबाद ३६ काढून परतले. या खेळीबद्दल त्यांना इतकी वर्षं लोक बोलत आले आहेत. पण तीत चौकार फक्त एक. म्हणजे ३६ पैकी ३२ धावा त्यांनी खरोखर धावून काढल्या. शब्दाशी इमान राखायचंच म्हटलं तर मान गावसकरांना द्यायला हवा.

धावबाद व्हायला तर धावावंही लागत नाही. डिसेंबर १९४७ मध्ये सिडनीला विनू मंकड गोलंदाजी टाकायला आले आणि त्यांच्याच टोकाला उभा असलेला फलंदाज बिल ब्राउन क्रीजबाहेर सरकलेला दिसताच त्यांनी त्याच्या यष्ट्या उडवल्या. चेंडू टाकलाच गेला नव्हता. या प्रकाराला जगाने मंकडांचं नाव चिकटवलं ते जवळजवळ शिव्या देण्याच्या सुरात, आणि नियमपुस्तकात तो ‘अयोग्य खेळ’ या कलमाखाली पडून होता. ऑक्टोबर २०२२ पासून तो तिथून उचलून साध्या धावबादच्या कलमात ठेवला आहे. पंचाहत्तर वर्षांनी का होईना, मंकडांचा निकाल लागला. (मराठी खटले चालतात, हा मात्र उशिराने धावत असावा.)

बँकेवर ‘रन’ होतो तेव्हा तर कोणीच धावत नाही. सप्टेंबर २००७ मध्ये नॉर्दर्न रॉक या ब्रिटिश बँकेवर रन झाला, म्हणजे माणसं तिच्या दारापुढे तासन्‌तास रांगेत उभी राहिली. शेअर बाजारात ‘बुल रन’ असतो. स्पेनमधल्या पाम्प्लोना गावी जुलैत जो बुल रन होतो त्यात खरे बैल माणसांच्या पाठीशी लागतात आणि माणसं जीव घेऊन पळतात. मुंबईच्या शेअर बाजारापुढचा बैल काशाचा आहे, सोलापूरचे शिल्पकार भगवान रामपुरे यांनी घडवलेला. तो जागचा हलत नाही. तिथे माणसंच त्याच्या मागे लागतात.

मराठी माणसाने हा शब्द आता घरात घेतला आहे, पण आपल्या पद्धतीने. ओट्याचा भाव गवंडी ‘रनिंग फुटा’वर सांगतो, ओटा काही कुठे जात नाही. ठेकेदार काम चालू असतानाच ‘रनिंग बिल’ लावतो, ते मात्र खरंच धावतं. आणि लोकलचे जुने प्रवासी ‘रनिंगमध्ये चढणं’ म्हणतात ते गाडी थांबायच्या आत दांडा पकडण्याला, जे कोणीही करू नये.

या शब्दाचा सगळ्यात सुखी अर्थ मात्र रेल्वेकडेच आहे. गाडी चालवणाऱ्या लोकांना तिथे ‘रनिंग स्टाफ’ म्हणतात. गाडी जितके किलोमीटर जाते त्यावर त्यांना ‘रनिंग अलाउन्स’ मिळतो. एक फेरी संपली की पुढच्या गाडीपर्यंत त्यांच्यासाठी इगतपुरी, मनमाडसारख्या स्टेशनांवर एक जागा ठेवलेली असते. तिथे खाटा असतात, जेवणाची सोय असते आणि आवाज करायचा नसतो. तिचं नाव ‘रनिंग रूम’. तिथे सगळे झोपलेले असतात.