काट्याची मर्जी

घरातल्या वजनकाट्यावर एकदाच उभं राहावं आणि आपल्या कामाला लागावं. दुसऱ्यांदा उभं राहिलं की संसारात संशय शिरतो. पहिल्यांदा ७२.४. उतरून लगेच चढलं तर ७१.८. मधल्या वेळात आपण काय केलं? फक्त एक उसासा सोडला. उसाशाचं वजन सहाशे ग्रॅम असतं का? पुढच्या खेपेला ७२.९ आले की माणूस काटा उलटा करून त्याच्या पोटात बघायला लागतो. तिथे बॅटरीचं झाकण आणि ओल्या पायांनी उभं राहू नये अशी सूचना, एवढंच सापडतं.

ही सूचना मला फार आवडते. या काट्याची जागा न्हाणीघरात, असं साहेबाने ठरवलं, कारण त्याचं न्हाणीघर कोरडं असतं. आपल्याकडे बादली, तांब्या आणि साबणाचा फेस यांच्या राज्यात हा काचेचा चौकोन ठेवला, तर वजन कळायच्या आधी मांडीचं हाड मोडायचं. म्हणून मराठी घरात हा काटा पलंगाखाली राहतो. चपलांचं खोकं आणि कधीच न वापरलेली योगाची सतरंजी हे त्याचे शेजारी. रोज सकाळी त्याला पायाने पुढे ओढायचं आणि काम झालं की पायानेच मागे ढकलायचं. एवढ्या अपमानानंतर त्याने रोज खरं बोलावं, अशी आपली अपेक्षा असते.

त्यात हे यंत्र नाजूक. काचेखाली चार कोपऱ्यांत चार पाय, आणि प्रत्येक पायात धातूची एक चिमुकली पट्टी. आपण उभं राहिलो की ती डोळ्यांना दिसणारही नाही इतकी वाकते. तिच्यावर चिकटवलेली धातूची बारीक नक्षी त्याबरोबर ताणली जाते, तिचा विद्युतरोध किंचित बदलतो आणि त्या बदलाचे काटा किलो करून दाखवतो. ही युक्ती १९३८ साली अमेरिकेत दोघांना एकमेकांच्या नकळत सुचली, कॅलिफोर्नियात एडवर्ड सिमन्स यांना आणि एमआयटीत आर्थर रूग यांना. रूग त्या वेळी भूकंपात पाण्याच्या टाकीवर किती ताण येतो हे तपासत होते. आपलं पोट या विद्येच्या मूळ विषयापासून फार लांब नाही.

तर हे चारही पाय जमिनीला सारखे टेकायला हवेत. सतरंजीवर ठेवलं की पाय आत रुततात, काट्याचं पोट सतरंजीला लागतं आणि आपलं थोडं वजन पायांना चुकवून परस्पर जमिनीत उतरतं. हे ज्यांना कळलं आहे त्यांना सतरंजी फार प्रिय असते. फरशीवर ठेवलं तरी फरशी कुठली हा प्रश्न उरतोच. एक पाय सांध्यावर आला, एखादी फरशी जराशी उचललेली असली, की आकडा हलतो. त्यामुळे घरोघरी एक दयाळू फरशी असते. आमच्याकडे ती गॅलरीच्या दाराशी आहे. तिच्यावर बायकोचं वजन नेहमी चारशे ग्रॅम कमी भरतं, त्यामुळे बाकीच्या फरश्या बसवताना गवंड्याने हलगर्जीपणा केला असं तिचं ठाम मत आहे. शिवाय काटा जागचा हलवला की त्याला आधी पायाच्या अंगठ्याने दाबून जागं करायचं, शून्य दिसू द्यायचं, ते विझू द्यायचं आणि मगच चढायचं, असं कागदावर लिहिलेलं असतं. तो कागद खोक्याबरोबर रद्दीत जातो.

रेल्वे स्टेशनवरच्या जुन्या वजनयंत्राबद्दल अशी तक्रार कुणी केल्याचं मला आठवत नाही. लाल-हिरवे दिवे, गरगरणारी चक्रं, नाणं टाकलं की खडखडाट आणि मग खाली घरंगळणारं जाड पुठ्ठ्याचं तिकीट. एका बाजूला नटीचा फोटो, दुसऱ्या बाजूला भविष्य, आणि वजन या दोघांच्या गर्दीत कुठेतरी छापलेलं. ती यंत्रं अचूक होती असं मुळीच नाही. पण पुन्हा चढायचं तर पुन्हा नाणं टाकावं लागायचं. मोजमापातल्या विसंगतीवर याहून परिणामकारक उपाय अजून निघालेला नाही. शिवाय वजन वाढलेलं असलं तरी ‘लवकरच धनलाभ’ असायचा, म्हणजे माणूस काही अगदीच रिकाम्या हाताने गाडीत बसायचा नाही.

आमच्या जुन्या काट्याच्या चंचलपणाला कंटाळून गेल्या दिवाळीत नवा आणला. हा सज्जन निघाला. चढा, उतरा, पुन्हा चढा, आकडा तोच. ७२.१ म्हणजे ७२.१. घरात पहिल्यांदाच कुणीतरी आपल्या शब्दावर ठाम राहतंय, याचं मला इतकं कौतुक वाटलं की येणाऱ्या-जाणाऱ्याला मी तो दाखवू लागलो. होळीला मामा आले, त्यांनाही दाखवला.

मामा वजनमापांचे निवृत्त निरीक्षक. ज्या खात्याला आता वैधमापन म्हणतात, त्या खात्यात त्यांची हयात गेली. पारड्याच्या बुडाला चिकटवलेलं लोहचुंबक, आतून पोकळ केलेलं वजन, हलक्या पारड्याला बांधलेला पासंग हे सगळं त्यांनी हाताने चाचपून पाहिलेलं. निम्मी नोकरी उसाच्या मुलखात. तिथले शेतकरी उसाची ट्रॉली आधी बाहेरच्या खासगी काट्यावर मोजून घेतात आणि मग कारखान्याच्या भुईकाट्यावर नेतात, कारण काटा मारला जाईल ही धास्ती. अशा माणसाने माझा काटा हातात घेतला, उलटा केला आणि विचारलं, “शिक्का कुठाय याला?”

“मामा, हा घरगुती आहे.”

“वाण्याच्या काट्यालासुद्धा दरवर्षी शिक्का लागतो.”

“पण मी घरी काही विकत नाही.”

“स्वतःलाच फसवणार असशील तर कायदा आड येत नाही, एवढंच,” मामा म्हणाले आणि त्यांनी स्वयंपाकघरातून पाण्याचा वीस लिटरचा जार मागवला.

जार का, तर जार उसासे सोडत नाही. तो डुलत नाही, कपाटाला हात टेकत नाही, पोटापलीकडचा आकडा वाचायला पुढे वाकत नाही. जार ठेवला : २०.६. काढून पुन्हा ठेवला : २०.६. गॅलरीच्या दाराशी नेला : २०.२. बायकोने हा शेवटचा प्रयोग पाहिला नाही असं दाखवलं.

मग पाळी माझी. मी उभा राहिलो, ७२.१. मामांनी माझ्या हातात पाण्याने काठोकाठ भरलेलं फुलपात्र दिलं आणि पुन्हा उभं केलं. ७२.१. मामांच्या चेहऱ्यावर असं काही आलं, जे कित्येक किराणा दुकानदारांनी पाहिलं असणार. त्यांनी मला उतरवून जार काट्यावर ठेवला, उचलला आणि फुलपात्रासकट मला परत चढवलं. ७२.३.

त्याचं असं आहे की, काही काट्यांना बनवणाऱ्यांनी स्मरणशक्ती दिलेली असते. मघाचा आकडा ते लक्षात ठेवतात, आणि नवं वजन त्याच्या अगदी जवळपास आलं तर नवं सांगायच्या भानगडीत न पडता जुनंच पुन्हा दाखवतात. गिऱ्हाईकाला खरेपणा तपासता येत नाही, एकवाक्यता मात्र येते, हे त्यांनी ओळखलेलं असतं. मधे जारसारखं भलतंच काही मोजलं की ती आठवण पुसली जाते आणि काटा नाइलाजाने खरं बोलतो. माझा सज्जन काटा खोटारडा नव्हता, भिडस्त होता. मी लगेच दुसऱ्यांदा चढलो म्हणजे मला मघाचाच आकडा हवा असणार, असा त्याचा समज.

“माझ्या काळात असा काटा बाजारात सापडला असता ना,” मामा म्हणाले, “तर जागेवर पंचनामा केला असता.”

पण काट्याचा पंचनामा झाला तरी माझा उरतोच. जार रोज सकाळी २०.६ भरेल, मी नाही. लिटरभर पाणी प्यालं की एक किलो वाढतो, हा हिशेब तर शाळेतला. रात्री नुसतं झोपूनही श्वास आणि घाम यांतून काहीशे ग्रॅम हवेत जातात. इटलीतल्या पादुआच्या सान्तोरिओ नावाच्या वैद्याने ही भानगड चारशे वर्षांपूर्वी ओळखली. त्याने मोठ्या काट्याला एक खुर्ची टांगली आणि सुमारे तीस वर्षं त्या खुर्चीत बसून जेवणाआधी, जेवणानंतर स्वतःला तोललं. खाल्लेलं आणि बाहेर टाकलेलं, दोन्ही मोजलं. १६१४ साली पुस्तक लिहून जगाला सांगितलं की आठ पौंड अन्नपाणी आत गेलं, तर त्यातले पाच पौंडांपर्यंत न दिसताच अंगावाटे उडून जातात. वजनाचा ध्यास घेतलेल्या सगळ्या माणसांचा हा मूळपुरुष. त्याच्यासमोर आपण रोज एकदा चढणारे अगदीच गृहस्थाश्रमी.

आपल्या शरीराला पाणी धरून ठेवायला कारणही फारसं लागत नाही. आदल्या रात्री पापड-लोणचं जास्त झालं की मीठ पाण्याला थांबवून घेतं. भात-पोळीतली जी साखर शरीर राखीव म्हणून साठवतं, ती आपल्याबरोबर तिप्पट-चौपट पाणी बाळगते. म्हणून कडक उपास केला की दुसऱ्या दिवशी काटा दीड किलो उतरतो, आणि माणूस चरबी गेल्याच्या आनंदात द्वादशीचं पारणं जोरात सोडतो. गेलेलं असतं पाणी, ते संध्याकाळपर्यंत परत येतं. एकादशी आणि दुप्पट खाशी या पंथातल्यांना हाही दीड किलो मिळत नाही.

औरंगजेबाची दरवर्षी तुला होत असे. एका वर्षी बादशहा आदल्या वर्षापेक्षा दोन पौंडांनी जास्त भरला आणि सगळ्या दरबाऱ्यांना कोण आनंद झाला, असं फ्रान्स्वा बर्निए या फ्रेंच वैद्याने लिहून ठेवलं आहे. दोन पौंड म्हणजे किलोच्या आतच. त्या सकाळी बादशहा तांब्याभर पाणी जास्त प्याला असेल अशी शंका घ्यायची दरबारात अर्थातच कुणाची छाती नव्हती. पण आकडा वाढला म्हणून लोकांनी आनंद करायचा, हा काळ एकदा होऊन गेला, एवढं तरी बरं वाटतं.

मामांना बर्निएत रस नव्हता. ते म्हणाले, किलोचंच काय घेऊन बसलास? पॅरिसजवळ काचेच्या झाकणांखाली ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा ठोकळा १८८९ पासून जगाचा किलो होता. त्याच्या नकला देशोदेशी वाटल्या, आपल्या वाट्याला ५७ नंबरची आली, ती दिल्लीत. पुढे मूळ ठोकळा आणि त्याच्या भाऊबंद नकला ताडून पाहिल्या, तर त्यांच्यात पन्नासेक मायक्रोग्रॅमची तफावत. आता नक्की कोण चुकलं म्हणायचं? व्याख्येप्रमाणे मूळ ठोकळा चुकूच शकत नव्हता. “आमच्या साहेबांसारखा,” मामा म्हणाले. शेवटी २० मे २०१९ पासून किलो ठोकळ्यावरून काढून निसर्गातल्या एका स्थिरांकावर बसवला. मामांना हा निर्णय मनापासून पटलेला आहे, फक्त स्थिरांकाला शिक्का कुठे मारणार हे त्यांना कळत नाही.

त्यांनी आम्हाला घालून दिलेला रिवाज साधा आहे. काटा पलंगाखालून कायमचा बाहेर. मधल्या सपाट फरशीवर चार पायांच्या चार खुणा, म्हणजे पुसताना हलला तरी तिथेच परत येईल. सकाळी पोट साफ झाल्यावर, चहाच्या आधी, त्याच कपड्यांत, एकदाच चढायचं. आकडा लिहायचा आणि आठवड्याची सरासरी काढून तेवढीच खरी धरायची. काटा खऱ्यापेक्षा अर्धा किलो जास्त दाखवतो का कमी, याने काही बिघडत नाही, रोज तेवढाच चुकला म्हणजे झालं. बायकोने सरासरीला मान्यता दिली, पण गॅलरीच्या दाराशी पाचवी खूण करून घेतली. ती पाहुण्यांसाठी आहे म्हणते.

एवढं सगळं बैजवार झाल्यावर मी म्हटलं, “मामा, आता तुम्ही उभे राहा बघू.” मामांनी काट्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे.

“बिनशिक्क्याच्या काट्यावर मी पाय ठेवत नाही,” ते म्हणाले आणि पानावर जाऊन बसले. बायकोने पुरणपोळीवर तूप वाढायला घेतलं आणि चमचा दाखवून किती म्हणून विचारलं. आयुष्यभर लोकांची मापं तपासलेल्या त्या गृहस्थांनी तुपाचं भांडंच तिच्या हातातून घेतलं आणि अंदाजाने ओतलं.